टिळकांचा दुसरा त्याग

ख्रिस्ती धर्मविचारात ‘पाचारण’ ही एक मध्यवर्ती संकल्पना आहे. देव एखाद्या माणसाला विशिष्ट जीवनमार्गासाठी किंवा सेवेसाठी बोलावतो आणि त्या हाकेला माणसाने आपल्या सगळ्या आयुष्यानिशी उत्तर द्यायचे असते, असा तिचा अर्थ आहे. नव्या करारातील कोळी शिष्य आपली जाळी टाकून येशूच्या मागे जातात आणि पौल आपल्या कुळाचा व नियमशास्त्राच्या पालनाचा अभिमान कवडीमोल मानतो, ही या संकल्पनेची मूळ उदाहरणे होत. जुने सोडल्याशिवाय नवे हाती येत नाही, असा त्यांचा अर्थ सहसा लावला जातो. परंतु नेमके काय सोडायचे आणि काय सोडायचे नाही, हा प्रश्न त्यातून सुटत नाही, आणि महाराष्ट्राच्या मातीत तर तो फारच अवघड होऊन बसतो.

तो का अवघड होतो, हे बीड तालुक्यातील लिंबागणेशसारख्या गावाकडे पाहिल्यास ध्यानात येते. भालचंद्र गणपतीच्या देवस्थानामुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावात आणि एकूणच बीडच्या परिसरात धर्म म्हणजे केवळ मनातील श्रद्धा नसते; कुलदैवत, गावची यात्रा, पंढरीची वारी, हरिनाम सप्ताह, सोयरीक, पंगत आणि मयतीच्या वेळी दारात उभे राहणारे भाऊबंद या सर्वांची ती एकत्र वीण असते. अशा वातावरणात देव वेगळ्या नावाने हाका मारू लागला, तर त्या माणसाला विश्वासाबरोबर आपले माणूसपणाचे सारे नातेगोतेही पणाला लावावे लागते. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म किंवा जात सोडणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला, हे खरे. पण पंगतीतील जागा मिळवून देणे कोणत्याच कायद्याच्या आवाक्यातले नव्हते.

मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा, घेतलेले नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण पुढे जालन्यास आले आणि निझाम सरकारने दिलेल्या जमिनीवर त्यांनी ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभारली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यालाही मिशनऱ्यांकडे ठेवून घेण्यात आले होते. न्यायालयाने त्याला आईवडिलांच्या ताब्यात दिले, तेव्हा त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि सनातनी मंडळींनी त्यास कडाडून विरोध केला. जुन्याचे दार एकदा मागे लागले की ते आतून किती घट्ट बंद होत असे, याचा हा बोलका पुरावा आहे.

तथापि या विषयाचा सर्वांत सखोल मराठी अनुभव नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यात आढळतो, कारण त्यांनी एकदा नव्हे, तर दोनदा जुने सोडले. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेल्या टिळकांनी नाशिकमध्ये गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन केले. कवी, कीर्तनकार आणि संपादक म्हणून नाव मिळवत असतानाच जातिभेदाने पोखरलेल्या देशाला नव्या धर्माची गरज आहे, या विचाराने त्यांना ग्रासले होते. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने, म्हणजे शत्रूवरही प्रेम करण्यास सांगणाऱ्या येशूच्या प्रसिद्ध उपदेशाने, त्यांच्या मनाचा ठाव घेतला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हा पहिला त्याग टिळकांचा असला, तरी त्याची किंमत त्यांच्याइतकीच, किंबहुना अधिक, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मोजली. त्यांना विश्वासात न घेता झालेल्या या धर्मांतरामुळे लहानग्या मुलासह त्या सुमारे पाच वर्षे पतीपासून दूर राहिल्या, आणि पुढे एकत्र आल्यावरही काही काळ सोवळे पाळत स्वतःचा स्वयंपाक वेगळा करीत राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात त्यांनी हा सारा प्रवास विलक्षण मोकळेपणाने सांगितला आहे. त्यांच्यात झालेला बदल कोणाच्या प्रवचनाने झाला नाही. जात देवाने नव्हे तर माणसाने निर्माण केली, हा विचार स्वतःच्याच बुद्धीने पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास सुरुवात केली आणि १९०० मध्ये स्वतः दीक्षा घेतली. पाचारणाविषयीच्या धार्मिक लेखनात ज्याला हाक आली त्याचेच नाव येते, त्याच्या घरच्यांचे सहसा येत नाही; ही उणीव गंभीर आहे आणि लक्ष्मीबाईंचे पुस्तक ती भरून काढते, हे त्याचे धर्मेतिहासातील मोल आहे.

बीडला लागून असलेल्या अहमदनगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात, १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम चालू होते. मिशन म्हणजे परदेशी वर्गणीवर चालणारी, धर्मप्रसाराबरोबरच शाळा, दवाखाने आणि छापखाने चालवणारी संस्था. याच संस्थेच्या आश्रयाने टिळक नगरला राहिले, धर्मशिक्षणाच्या विद्यालयात त्यांनी शिकवले, १९०४ मध्ये त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली आणि १८४२ पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. बालकवी ठोमरे यांना याच काळात टिळकांच्या घरी मायेचा आसरा लाभला. पगार, प्रतिष्ठा, वाचक आणि शिष्य असे सारे काही होते. मात्र इथेच टिळकांची अस्वस्थता वाढत गेली.

मिशनच्या पगारावर जगणारा उपदेशक कितीही कळवळून बोलला, तरी ऐकणाऱ्याला त्याच्यामागे साहेबाची वेतनचिठ्ठी दिसते, ही त्यांची पहिली अडचण होती. विलायती चाली, विलायती पेहराव आणि विलायती संस्थारचना यांमुळे येशू स्वतः आशियात जन्मलेला असूनही मराठी माणसाला परका वाटतो, ही दुसरी. संत तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे टिळक मानत; ज्या सेतूवरून ते आले तोच धर्मांतरितांच्या मागे मोडून टाकला जात असल्याचे त्यांना दिसत होते. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी जे सोडले, त्यात जातीच्या अभिमानाबरोबर पुष्कळसे असेही होते की जे सोडण्याचे काही कारण नव्हते.

म्हणून १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. हिंदू परंपरेत संन्यास म्हणजे घर, मालमत्ता आणि कर्मकांड यांचा विधिपूर्वक त्याग. टिळकांनी त्यातील मालकीचा आणि वेतनाचा त्याग स्वीकारला, पण माणसांपासून दूर जाणे नाकारले, कारण त्यांच्या दृष्टीने संन्यासी हा कोणाचाही स्वामी नसलेला, सर्वांचा मित्र होता. दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना सारखीच जागा होती. त्या काळच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायात, बाप्तिस्मा हाच आतला आणि बाहेरचा ठरवणारा उंबरठा होता; टिळकांनी तोच उतरवून ठेवला. बंगालमध्ये ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी आणि पंजाबमध्ये साधू सुंदरसिंग यांनी त्याआधीच भगवी वस्त्रे धारण करून ख्रिस्तभक्तीला भारतीय रूप दिले होते. टिळकांच्या प्रयत्नाचे वेगळेपण असे की, त्यामागे अभंग, ओवी आणि कीर्तन यांची जिवंत मराठी परंपरा उभी होती आणि तिच्यात त्यांची स्वतःची काव्यशक्ती मुरलेली होती.

या दुसऱ्या त्यागाकडे धर्मांतरापेक्षा कमी लक्ष दिले जाते, ही खेदाची गोष्ट आहे. पहिल्या वेळी त्यांनी जन्माने मिळालेले सोडले, दुसऱ्या वेळी मात्र स्वतः निवडलेले आणि बावीस वर्षांच्या श्रमाने मिळवलेले सोडले, आणि तेही त्यावर राग न धरता. मिशनमधील सहकाऱ्यांशी त्यांचा स्नेह कायम राहिला. ख्रिस्तावरील निष्ठा तर अधिकच गाढ झाली. विशेष म्हणजे या वेळी सोडण्यातून काही परत मिळालेही. तुकारामांचा वारसा, संन्यासाचा आदर्श, टाळ-मृदंगाच्या साथीने होणारे कीर्तन हे सारे त्यांनी ख्रिस्तभक्तीच्या घरात निर्धास्तपणे आणले. पाचारण म्हणजे भूतकाळ पुसून टाकणे नसून त्यातील देवाचे कोणते आणि माणसाच्या अहंकाराचे कोणते, हे निवडणे होय, हा अर्थ त्यांच्या जगण्यातून प्रकट झाला. आणि ही निवड पहिल्याच दिवशी नीट साधते असे नाही, तिला वर्षे लागतात.

दरबाराला मात्र आयुष्य लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि इतक्या थोड्या अवधीत उभी राहिलेली, सर्वस्वी एका व्यक्तीभोवती जमलेली ही संघटना त्यांच्यामागे टिकू शकली नाही. त्यांच्या विचाराचे अनुसंधान इतरत्र राहिले. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ हा भारतीय आश्रमपद्धतीने राहणारा बंधुसंघ सुरू केला, जो पुढे पुण्यात स्थिरावला. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य दहाअकरा अध्यायांच्या आसपास थांबले होते. एके काळी नवऱ्याच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेल्या लक्ष्मीबाईंनी त्यापुढील बहुतेक सर्व अध्याय रचले आणि १९३६ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर ते काम मुलगा देवदत्त यांनी पूर्ण केले. टिळकांची भक्तिगीते ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात समाविष्ट आहेत आणि महाराष्ट्रभरच्या मराठी मंडळ्या आपल्या उपासनेत ती आजही गातात.