चंदेरी तलवारीचा हिशेब

जादूच्या तलवारीच्या गोष्टी आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेल्या असतात. तलवार म्यानातून बाहेर पडली, की शत्रूची दाणादाण उडते. ती एवढी प्रभावी का, असे कोणी विचारलेच, तर गोष्ट सांगणारा म्हणतो, ‘‘अरे, ती जादूची आहे ना!’’ आणि प्रश्न तेथेच संपतो. आज आपण अशा एका जादूच्या तलवारीची ओळख करून घेऊ, की जिच्या बाबतीत हा प्रश्न पुढे नेता येतो. त्याचे उत्तर चक्क वहीत आकडेमोड करून काढता येते.

या तलवारीचे नाव ग्रेस्वांडिर. मूळ नाव अमेरिकन लेखक रॉजर झेलाझ्नी यांच्या ‘अँबर’ या कादंबरीमालेतले. तिची पहिली कादंबरी 1970 साली प्रसिद्ध झाली. मालेचा नायक कॉर्विन याची ही तलवार. तेथून ती ‘नेटहॅक’ या संगणकावरील खेळात आली. हा खेळ 1987 साली प्रथम प्रसारित झाला आणि आजही खेळला जातो. त्याच्या मूळ रूपात चित्रे नाहीत. खेळाडू म्हणजे पडद्यावरचे एक चिन्ह, तर राक्षस म्हणजे रोमन लिपीतील अक्षरे व इतर चिन्हे! मजल्यामागून मजले उतरत, भुयाराच्या तळाशी असलेला ताईत मिळवून वर यायचे. वाटेत मरण आले, की खेळ संपला; पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणूनच हातात कोणते शस्त्र आहे, याला तेथे फार महत्त्व असते.

घाव म्हणजे फासा

फाशांवर लढाईचा निकाल लावण्याची पद्धत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या 1974 सालच्या बैठ्या खेळाने लोकप्रिय केली. नेटहॅकमध्ये फासे टाकण्याचे काम संगणक करतो. चांदीच्या तलवारीचा घाव बसला, की संगणक 1 ते 8 पैकी एक संख्या यदृच्छेने निवडतो. तेवढी इजा शत्रूला होते. आठही संख्या सारख्याच संभाव्य असल्याने सरासरी इजा (1 + 8) ÷ 2, म्हणजे 4.5 येते.

ग्रेस्वांडिरमध्ये दोन गोष्टी जास्त आहेत. पहिली, तिची इजा दुप्पट होते. म्हणजे सरासरी 9. दुसरी गोष्ट चांदीची. दैत्य, रक्तपिपासू पिशाच, लांडग्याचे रूप घेणारी माणसे अशा काही शत्रूंना या खेळात चांदी सोसत नाही. त्यांच्यासाठी 1 ते 20 पर्यंतचा आणखी एक फासा पडतो. त्याची सरासरी 10.5. ही भर मात्र दुप्पट होत नाही.

आता हिशेब करा. योद्ध्याचे बळ, कौशल्य वगैरे बाजूला ठेवू. साध्या शत्रूवर चांदीची साधी तलवार सरासरी 4.5 इजा करते, तर ग्रेस्वांडिर 9. दैत्यावर साधी चांदीची तलवार 4.5 + 10.5 = 15, आणि ग्रेस्वांडिर 9 + 10.5, म्हणजे सुमारे 20. काय दिसले? दैत्यासमोर जादूने 4.5 ची भर घातली, तर नुसत्या चांदीने 10.5 ची. नाव तलवारीचे झाले. पण मोठा वाटा धातूचा होता!

सरासरीवर विसंबून मात्र चालत नाही. साध्या शत्रूवर ग्रेस्वांडिरचा घाव केवळ 2 चा बसण्याची शक्यता आठात एक आहे. लागोपाठ दोन घाव असे फसण्याची शक्यता 64 त एक. ती थोडी खरी, पण शून्य नव्हे. ‘हातात एवढी तलवार असताना कसला धोका?’ असे म्हणून पुढे जाणारा खेळाडू कधी ना कधी याच फटीत सापडतो.

खरी चांदी काय करते?

खरी चांदी तलवारीला मुळीच योग्य नाही. मोहच्या काठिण्यश्रेणीत तिचा क्रमांक सुमारे 2.5 आहे. कठीण केलेल्या पोलादापुढे तिची धार टिकणार नाही. शिवाय चांदीची घनता 10.5, तर लोखंडाची सुमारे 7.9. त्यामुळे त्याच आकाराची तलवार चांदीत सुमारे एक तृतीयांशाने जड होईल. खेळात मात्र चांदीची तलवार आणि लांब साधी तलवार, दोन्हींचे वजन 40 एककेच धरले आहे.

चांदीला घाबरणारे शत्रू मात्र खरोखरच आहेत. ते म्हणजे सूक्ष्म जंतू! चांदीचे आयन जंतूंच्या प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना चिकटतात आणि त्यांचे काम बंद पाडतात. म्हणूनच भाजलेल्या जखमांवर लावायच्या काही मलमांत चांदीचे संयुग असते. येथे धार नव्हे, तर रसायनशास्त्र लढते.

करून पाहा

आठ बाजूंचा फासा नसला, तरी एक नाणे पुरेल. ते तीनदा उडवा. पहिल्या वेळी छाप पडल्यास 4, दुसऱ्या वेळी 2, तिसऱ्या वेळी 1 गुण धरा. काटा पडल्यास 0. बेरजेत 1 मिळवा. 1 ते 8 पैकी एक संख्या मिळेल. असे वर्गातील प्रत्येकाने दहा वेळा करावे. एकेकट्याची सरासरी बरीच मागेपुढे होईल. साऱ्या वर्गाची मात्र बहुधा 4.5 च्या जवळ येईल. असे का व्हावे, याचा विचार करा.

ग्रेस्वांडिरचा आणखी एक गुण सांगायचा राहिला. या खेळात योद्ध्याला भ्रम झाला, की त्याला समोरचे राक्षस भलत्याच रूपात दिसू लागतात. ही तलवार हातात असेपर्यंत मात्र त्याला तसा भ्रम होत नाही. समोर जे आहे तेच दिसते. खेळाची मूळ आज्ञावली सर्वांना वाचायला खुली असल्याने तलवारीच्या जादूचेही असेच आहे. पाहणाऱ्याला चमत्कार वाटतो. आत डोकावले, तर फासे, गुणाकार आणि बेरीज. भ्रम दूर करणारी तलवार आपल्याला मिळायची नाही. पण वही आणि पेन्सिल तर आपल्याजवळ आहेच!