मेंदूतला ‘आनंद’ आणि पऱ्हाटीवरचे विष

२०१७ च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी पुरुषभर वाढली होती. पाठीवर पंप, तोंडाला फार तर उपरणे, आणि फवारा थेट डोक्याच्या उंचीवर! शेकडो शेतकरी व मजूर इस्पितळांत दाखल झाले. वीसाहून अधिक दगावले. फवारलेल्या द्रव्यांत मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरस वर्गातली ‘औषधे’ होती. (विषाला औषध म्हणण्याची आपली रीत मोठी विलक्षण!)

या वर्गातले विष काय करते? एक मज्जातंतू पुढच्याला ॲसिटिलकोलिन नावाच्या द्रव्याकरवी निरोप धाडतो. निरोप पोचला की एक पाचकद्रव्य ते द्रव्य झाडून टाकते. विष या झाडूवाल्यालाच जायबंदी करते. मग निरोप थांबतच नाही. तोंडाला फेस येतो, स्नायू थरथरतात, श्वास कोंडतो. वैद्यकाच्या पुस्तकांत हे फार दिवसांपासून आहे. परंतु त्या झाडूवाल्याला भाऊबंद आहेत, आणि त्यांच्याकडे निराळाच केर असतो.

मेंदूतले पाणी वगळले तर उरलेल्यापैकी निम्म्याच्या आसपास भाग स्निग्ध पदार्थांचा. पेशी आपल्याच आवरणातला स्निग्धांश तोडून त्याचे निरोप्ये बनवतात, तेही ऐनवेळी, साठा न करता. १९९२ साली जेरुसलेमला मेशूलाम यांच्या प्रयोगशाळेत असा एक निरोप्या सापडला, आणि त्याचे नाव चक्क आपल्या संस्कृतातून घेतले : आनंदामाइड! त्याचा जोडीदार ‘टू-एजी’ मेंदूत याहून कितीतरी अधिक असतो. गांजाचा अंमल मेंदूच्या ज्या कड्या वाजवून चढतो, त्याच कड्या हे दोघे वाजवतात.

आता, हा निरोप ऐकतो कोण? केवळ मज्जापेशी नव्हेत. त्यांच्या भोवती तारकेच्या आकाराच्या आधारपेशी असतात. १८५६ साली फिर्खोव या जर्मन पंडिताने आधारपेशींच्या समूहाला ‘डिंक’ अशा अर्थाचे नाव दिले, आणि बिचाऱ्या शंभर वर्षे डिंकच राहिल्या! वास्तविक तारकापेशी शेजारणीला अन्न पुरवतात, सांडलेली रसायने टिपून घेतात. २००८ साली माद्रिदच्या संशोधकांनी दाखवले की, स्निग्ध निरोप पोचताच या पेशींत कॅल्शियम उसळते आणि त्या स्वतःच ग्लुटामेट सोडून मज्जापेशींना उत्तर देतात. घरातली मुकी समजलेली बाई अचानक बोलू लागावी, तसेच हे!

त्याच वर्षी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी सेंद्रिय फॉस्फरस वर्गातली काही निवडक रसायने उंदरांना दिली. स्निग्ध निरोप झाडणारे दोन्ही झाडूवाले एकदम बंद पडले. मेंदूतले आनंदामाइड आणि टू-एजी दसपटीहून अधिक वाढले, आणि उंदीर गांजाचा अंमल चढल्यासारखे वागू लागले.

फवाऱ्याची बाधा झालेल्या माणसाला ॲट्रोपीन देतात, आणि त्याने पुष्कळ जीव वाचतात. ॲट्रोपीन ॲसिटिलकोलिनची कडी अडवते. आनंदामाइडची कडी ते अडवीत नाही.