दालनातल्या रांगा

चौथऱ्यावर एक मुलगी उभी आहे, आपल्याकडे पाठ करून. तिच्या अंगावरचं झिरझिरीत वस्त्र बाजूला होतं आहे आणि पलीकडे दाटीवाटीने बसलेले पुरुष पुढे वाकून बघताहेत. तिचा चेहरा आपल्याला दिसत नाही. ती किती सुंदर असेल हे त्या पुरुषांच्या डोळ्यांवरून ताडायचं. चौथऱ्याच्या अलीकडे, आपल्या अगदी समोर, बाकीच्या मुली ओळीने बसल्या आहेत. क्रम रूपाचा आहे. एक आरशात बघते आहे. अगदी शेवटच्या मुलीने चेहरा हातांत लपवला आहे.

एडविन लाँग या इंग्रज चित्रकाराने १८७५ मध्ये हा बॅबिलोनचा लग्नबाजार रंगवला. गोष्ट मूळची हिरोडोटसची. गावातल्या उपवर मुली एकत्र आणायच्या, देखण्या मुलींसाठी बोली लावायची आणि त्यातून जमलेल्या पैशांत रूपाने डाव्या मुलींचा हुंडा भागवायचा. हिरोडोटसला ही रीत मोठी शहाणपणाची वाटली होती. कांदेपोह्यांचा ट्रे हातात घेऊन परक्या माणसांसमोर बसलेल्या मुली ज्यांच्या घरात होऊन गेल्या, त्यांना या ओळीतली घालमेल समजावून सांगायला नको.

आता हे चित्र कुठे लावलंय ते ऐका. लंडनच्या पश्चिमेला एगम नावाचं गाव आहे. तिथल्या रॉयल हॉलोवे या खास मुलींसाठी काढलेल्या कॉलेजच्या भिंतीवर!

मी या गोष्टीपाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबते. मुलींनी शिकावं म्हणून कोणी कॉलेज काढतो आणि त्यात मुलींच्या लिलावाचं चित्र लावतो, तेही ख्रिस्तीजच्या लिलावात ६,६१५ पौंड मोजून. साल १८८२. हयात ब्रिटिश चित्रकाराच्या चित्राला लिलावात तोवर एवढी किंमत आली नव्हती.

घेणारा होता थॉमस हॉलोवे. मलम आणि गोळ्या विकून गडगंज झालेला माणूस. त्याच्या गोळ्यांमध्ये मुख्यतः कोरफड होती. त्याहून जोरदार होती जाहिरात, आणि ती जगभर पोहोचली होती. मूलबाळ नव्हतं. एवढ्या पैशाचं करायचं काय, असा प्रश्न त्याने जाहीरपणे लोकांनाच विचारला होता. मुलींसाठी कॉलेज काढावं ही कल्पना त्याची बायको जेन हिची, असं सांगतात. ती १८७५ मध्ये गेली. तिच्या स्मरणार्थ लाल विटांची अवाढव्य इमारत उभी राहिली. फ्रान्समधल्या शाम्बोरच्या राजवाड्यावरून बेतलेली, मनोरे आणि घुमट मिरवणारी.

आणि या वास्तूत एक चित्रदालन. १८८१ ते १८८३ या जेमतेम दोन वर्षांत हॉलोवेने ७७ चित्रं घेतली, ८३,००० पौंडांहून अधिक खर्च करून. उद्घाटन बघायला मात्र तो राहिला नाही. १८८३ च्या डिसेंबरात तो वारला. ३० जून १८८६ रोजी व्हिक्टोरिया राणीने कॉलेजचं उद्घाटन केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये फिलाडेल्फियात आपल्या आनंदीबाई जोशींच्या हाती डॉक्टरकीची पदवी पडली होती, हे मला इथे आठवल्याशिवाय राहत नाही. पुढच्या वर्षी एगमला अभ्यास सुरू झाला तेव्हा विद्यार्थिनी होत्या अवघ्या २८.

त्या २८ जणींनी या भिंतींवर काय काय पाहिलं असेल! फ्रिथचं रेल्वे स्टेशन: पॅडिंग्टनच्या फलाटावरची झुंबड, वऱ्हाड, शाळेला निघालेली मुलं, गाडीत चढता चढता पोलिसांनी धरलेला गुन्हेगार. मिलेचं लंडनच्या टॉवर किल्ल्यातल्या दोन राजपुत्रांचं चित्र, अंधाऱ्या जिन्याशी बिलगून उभी पोरं. आणि ल्यूक फिल्ड्सचं १८७४ चं चित्र, ज्यात आणखी एक रांग आहे. बर्फाळ रात्र, भिंतीला चिकटून उभी बेघर माणसं, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, एका रात्रीच्या निवाऱ्याच्या चिठ्ठीची वाट बघणाऱ्या. ज्या मुलींच्या घरांतून अशी रांग एरवी नजरेला पडलीच नसती, त्यांच्या रोजच्या वाटेवर हॉलोवेने ती आणून ठेवली. चित्रांनी मन घडतं ही त्या काळाची श्रद्धा होती. ती भाबडी होती असं मला वाटत नाही.

कॉलेजातली सर्वांत गाजलेली दंतकथा मात्र लँडसीअरच्या १८६४ च्या चित्राची आहे. १८४५ मध्ये उत्तर ध्रुवप्रदेशाकडे निघालेली इंग्रज दर्यावर्दी फ्रँकलिनची जहाजं परतली नाहीत, १२९ माणसं गेली. चित्रात बर्फावर मोडकं डोलकाठीचं लाकूड, एक अस्वल फाटकं कापड ओढतंय, दुसऱ्याच्या जबड्यात माणसाची बरगडी. या दालनात परीक्षा घेतल्या जात. त्या चित्राशेजारी जो बसेल तो नापास, अशी समजूत पसरली. १९७० च्या दशकात एका परीक्षेला कोणीतरी तिथे बसायला साफ नकार दिला, तेव्हा हाताशी असलेलं सगळ्यांत मोठं कापड चित्रावर टाकलं गेलं. तो निघाला ब्रिटनचा राष्ट्रध्वज! तेव्हापासून परीक्षा आली की अस्वलांवर झेंडा, असा पायंडाच पडला.

१९६५ पासून पदवीच्या वर्गांत मुलगेही आले. १९९३ मध्ये कॉलेजने आपलं टर्नरचं सागरचित्र अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाला १.१ कोटी पौंडांना विकलं. पाठोपाठ गेन्सबरो आणि कॉन्स्टेबल यांची चित्रंही गेली. मला ही विक्री आजही बोचते. कारणं काहीही असोत, ज्याने ही चित्रं विद्यार्थिनींच्या नजरेसाठी घेतली, त्याच्या भिंतीवरून ती उतरली. उरलेली अजून तिथे आहेत आणि विद्यार्थ्यांसोबत बाहेरच्या माणसालाही ती बघायला मिळतात.

तुम्ही कधी गेलात तर लग्नबाजारासमोर जरा जास्त वेळ थांबा. पहिली आणि शेवटची मुलगी लगेच लक्ष वेधते. नंतर रांगेच्या मध्यावर बसलेली मुलगी दिसते. तिच्याकडे ना आरसा, ना तिने तोंड लपवलेलं. ती सरळ चित्राबाहेर बघते. परीक्षेच्या दिवसांत तिच्या नजरेच्या टप्प्यात बाकांच्या रांगा असायच्या आणि त्या बाकांवर माना खाली घालून, भराभर उत्तरं लिहिणाऱ्या मुली.