पॅराबेनची भीती आणि खरी ॲलर्जी

क्रीम, लोशन, शाम्पू यांत पाणी असते आणि पाणी आले की जिवाणू, बुरशी आलीच. डबीत रोज बोट जाते. संरक्षक रसायन नसेल तर त्यात स्यूडोमोनाससारखे जंतू वाढू शकतात. डोळ्यांच्या प्रसाधनात ते वाढले तर दृष्टीवरही बेतू शकते.

पॅराबेन ही अशीच संरक्षक रसायने. तरी ‘पॅराबेन-मुक्त’ वाचले की अनेकांना हायसे वाटते. या भीतीला बळ मिळाले ते २००४ मधील एका ब्रिटिश संशोधनामुळे. स्तनांतील गाठींच्या २० नमुन्यांत पॅराबेन सापडले होते. पण निरोगी ऊतींशी तुलना झालीच नव्हती, आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो, असे त्यातून सिद्ध होत नव्हते. ही रसायने इस्ट्रोजेनसारखी वागतात हे खरे, मात्र फार क्षीणपणे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये पाच पॅराबेनवर बंदी घातली, प्रोपिल व ब्युटिल पॅराबेनची एकत्रित मर्यादा ०.१४ टक्क्यांवर आणली. ही सावधगिरी योग्यच होती.

दुर्दैव पुढचे आहे. पॅराबेनऐवजी अनेक उत्पादनांत मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे दुसरे संरक्षक आले आणि युरोपभर त्वचेच्या ॲलर्जीचे रुग्ण वाढले. अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर तिथे २०१७ मध्ये बंदी आली. याउलट अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने २०१९ मध्ये पॅराबेनना ‘ॲलर्जी न करणारा पदार्थ’ म्हणून गौरवले!

म्हणून पुढच्या बाजूच्या जाहिरातीपेक्षा मागची घटकांची यादी वाचा. पुरळ उठले तर वापर थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या.