शिक्षकांचा थकवा आणि ढळणारा आत्मविश्वास

घसा बसणे, डोके दुखणे, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन अनेक शिक्षक बाह्यरुग्ण विभागात येतात. तपासणीत विशेष काही आढळत नाही आणि औषधानेही तात्पुरताच आराम पडतो. अशा वेळी त्रासाचे मूळ कामाच्या दीर्घ ताणात आहे का, हे पाहणे आम्ही आवश्यक मानतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून आहे. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी अलिप्तता वा कडवटपणा आणि आपल्या हातून काम नीट होत नाही ही जाणीव, अशी तिची तीन अंगे होत. तिसरे अंग म्हणजेच ढळलेला आत्मविश्वास. थकलेला शिक्षक वर्गात रमत नाही, मुले दुरावतात आणि ‘मला शिकवता येत नाही’ हा समज दृढ होतो.

कळंबोलीत लोखंड-पोलाद बाजारामुळे अनेक प्रांतांतील कुटुंबे आली. घरी निरनिराळ्या भाषा बोलणारी मुले येथे एकाच वर्गात बसतात. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली आहे. तथापि ही कामे आणि माहिती भरण्याचा व्याप यांतही बराच वेळ जातो. म्हणून या थकव्यास केवळ व्यक्तीचा दुबळेपणा मानणे अन्यायाचे आहे.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली आत्मविश्वासाचे चार आधार सांगितले: स्वतः मिळविलेले यश, इतरांचे उदाहरण, विश्वासाचे शब्द आणि शरीर-मनाची स्थिती. त्यांतूनच उपाय सापडतात. आठवड्यास एक छोटे, साध्य होणारे उद्दिष्ट ठेवावे. अनुभवी सहकाऱ्याच्या तासाला बसावे. मुख्याध्यापकांनी व पालकांनी चांगल्या कामाची दखल घ्यावी. झोप व विश्रांती टाळू नये. मात्र कामाचा भार कमी झाल्यावाचून हे उपाय अपुरेच राहतील.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास किंवा जीव नकोसा वाटल्यास तो केवळ थकवा समजू नये. त्वरित डॉक्टरांना भेटावे. शासनाची ‘टेली-मानस’ दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.

शिक्षकाचे मनःस्वास्थ्य वर्गातील प्रत्येक मुलापर्यंत पोहोचते. म्हणूनच हा विषय आम्ही आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त यांच्यापुढे आदरपूर्वक ठेवीत आहोत.