गच्चीत मावणारी अँटेना

देहूरोडसारख्या ठिकाणी हौशी रेडिओचा, म्हणजे ‘हॅम’चा, छंद धरला की पहिली अडचण येते ती जागेची. केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळतो, खटपट केली की जुना सेटही मिळतो. परंतु तार बांधायची कोठे?

हिशेब सोपा आहे. ३०० ला मेगाहर्ट्‌झमधील वारंवारतेने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ३.६ मेगाहर्ट्‌झला ती सुमारे ८३ मीटर येते. या पट्ट्याला हॅम मंडळी ‘८० मीटर’ म्हणतात. त्यासाठी अर्ध्या लहरीची, म्हणजे जवळजवळ ४० मीटरची तार हवी. आमच्या इमारतीची गच्ची आहे जेमतेम २२ मीटर! १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी संबंध जोडण्यासाठी खडकीला प्रक्षेपण आणि दौंडला ग्रहण केंद्र उभे राहिले, तेव्हा त्यांना जागेची चिंता नव्हती. आपल्याला आहे.

कोणी विचारील, मग आखूड लहरी का वापरू नयेत? कारण आपल्या आणि कोकणच्या मध्ये सह्याद्री उभा आहे. हातातल्या वॉकी-टॉकीच्या लहरी सरळ जातात आणि डोंगराला अडतात. ८० मीटरची लहर मात्र कमी उंचीच्या तारेतून जवळजवळ सरळ वर जाते, आयनांबरावरून परतते आणि संध्याकाळनंतर दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात, दऱ्याखोऱ्यांतही, ऐकू येते. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, तेव्हा एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसेना, म्हणून बातमी बाहेर पडली. डोंगराळ मुलुखात निरोप पोहोचण्याचे मोल यावरून कळावे.

आता तार आखूड कशी करायची ते पाहू. लांबी कमी पडली की तार विजेच्या दृष्टीने धारित्रासारखी, म्हणजे कंडेन्सरसारखी, वागते आणि शक्ती नीट स्वीकारत नाही. वेटोळ्याचा गुण याच्या नेमका उलट. म्हणून वेटोळे घालून ही उणीव भरून काढता येते. मी प्रत्येक बाजूला १० मीटर, अशी एकूण २० मीटर तार घेतली. मधोमध को-ॲक्सियल केबल जोडली आणि दोन्ही बाजूंना ५ मीटरवर एकेक वेटोळे बसवले. ५० मिलिमीटर व्यासाच्या पी.व्ही.सी. नळीवर सहा सेंटिमीटर लांबीत तांब्याच्या तारेचे सुमारे ४० वेढे दिले की हिशेबाने ४७-४८ मायक्रोहेन्री मिळतात. टोके आरंभी अर्धा मीटर जास्त ठेवावीत, मग एस.डब्ल्यू.आर. मीटर पाहत दोन्हीकडून सारखी, थोडी थोडी कापावीत.

हे फुकट मिळत नाही. पूर्ण तारेचा उत्सर्जन-रोध सुमारे ७३ ओहम; आखूड तारेचा विसाच्या आसपास. चांगल्या वेटोळ्याचा स्वतःचा रोध पाच ओहम धरला तरी दोहोंचे दहा होतात, म्हणजे एक तृतीयांश शक्ती वेटोळी तापवण्यात जाते. बारीक तारेचे, दाटीवाटीचे वेटोळे असेल तर निम्मी. शिवाय सूर एका अरुंद पट्टीतच जुळतो. वारंवारता जरा बदलली की पुन्हा जुळवाजुळव आली. तरीही निम्मी शक्ती गेल्याने ऐकणाऱ्याला आवाज थोडासाच मंद वाटतो. तार नसेल तर मात्र काहीच ऐकू येत नाही. म्हणून काटकसर लांबीत करावी, वेटोळ्याच्या तारेत करू नये.

दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. अँटेना विजेच्या तारांपासून दूर बांधावी, आणि वळवाचे ढग दिसताच केबल सेटपासून सोडवून घराबाहेर ठेवावी. छावणीच्या हद्दीत काही उभारण्यापूर्वी रीतसर परवानगीही घ्यावी. एवढे सांभाळले तर बांबूचे दोन खांब, थोडी तार आणि नळीचे दोन तुकडे यांवर सह्याद्रीपलीकडच्या माणसाशी बोलता येते.