घोळणा फुटला, पण उन्हाने नव्हे

वाचकहो, नागपूरच्या दक्षिणेकडील बेसा परिसरातील एखादे घर डोळ्यांसमोर आणा. मे महिन्याची दुपार आहे. खिडकीतील कूलर घरघरत आहे आणि त्याच्या झोतात घरचा लाडका कुत्रा डोळे मिटून पडला आहे. आपण त्याला मोती म्हणू. चार दिवसांपासून त्याचे जेवणाकडे लक्ष नाही. फिरायला नेले, तर अर्ध्या वाटेवरून तो मागे वळतो. घरातील सर्वांचे एकमत आहे, की बिचाऱ्याला ऊन बाधले. पाचव्या दिवशी सकाळी फरशीवर रक्ताचे चार थेंब दिसतात. ते मोतीच्या नाकातून पडलेले असतात. आजी म्हणते, "घोळणा फुटला त्याचा. कांदा हुंगवा जरा."

आजीचे बोलणे चुकीचे वाटणार नाही. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, की विदर्भात घरोघरी मुलांचा घोळणा फुटतो आणि उन्हात निघताना खिशात कांदा ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. परंतु माणसाच्या बाबतीतील हा अनुभव कुत्र्याला लावणे धोक्याचे आहे. कुत्र्याच्या नाकातून आपोआप रक्त येणे ही सहसा उन्हाची बाधा नसते. आपल्या हवामानात अशा वेळी पहिला संशय घ्यावा तो गोचीडतापाचा. कांद्याविषयीही सावध राहायला हवे. कांदा पोटात गेल्यास कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. आधीच रक्त कमी झालेल्या प्राण्याला तो आणखी खोल गर्तेत लोटतो.

रक्तात शिरणारा शत्रू

गोचीड रक्त पिते, एवढ्यावर तिचा अपराध संपत नाही. रक्त पिताना तिच्या लाळेतून रोगजंतू कुत्र्याच्या शरीरात उतरतात. त्यांतील एक प्रमुख जंतू म्हणजे एर्लिकिया कॅनिस. १९३५ मध्ये अल्जीरियातील कुत्र्यांमध्ये त्याची प्रथम नोंद झाली. पुढे व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्यातील शेकडो प्रशिक्षित श्वान याच आजाराने दगावले, तेव्हा जगाला त्याचे गांभीर्य उमगले.

हा जंतू पांढऱ्या पेशींमध्ये घर करतो. गोचीड चावल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप, मरगळ आणि अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे दिसू लागतात. रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, घटतात. त्यामुळे नाकातून रक्त येते, पोटाच्या उघड्या त्वचेवर लाल ठिपके उमटतात आणि हिरड्या फिकट पडतात. कित्येकदा ही लक्षणे उपचाराविना ओसरतात आणि कुत्रा बरा झाला असे वाटते. प्रत्यक्षात जंतू शरीरात दबा धरून बसलेला असतो. काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनी, तो पुन्हा उठतो. तोवर रक्त निर्माण करणारी अस्थिमज्जाच खचली असेल, तर उपचारांना फारसे यश येत नाही.

बबेसिया हा दुसरा जंतू तांबड्या पेशींवर हल्ला करतो. त्यात लघवी गडद, काळ्या चहासारखी होते, डोळ्यांत पिवळी झाक येते आणि कुत्रा झपाट्याने अशक्त होतो. दोन्ही आजार एकाच वेळी होऊ शकतात. दोन्ही रक्ततपासणीने ओळखता येतात आणि वेळेवर ओळखल्यास बरे होऊ शकतात. एर्लिकियाविरुद्ध लस मात्र नाही. म्हणूनच गोचीड अंगावर येऊ न देणे हाच त्यावरचा खरा प्रतिबंध आहे.

बैलाची गोचीड आणि कुत्र्याची गोचीड

बेसा हे कालपरवापर्यंत शेतीचे गाव होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी करताना बैलाच्या अंगावरील गोचिडी वेचणारे हात येथील जुन्या घरांत आजही सापडतील. त्यांना गोचीड नवी नाही. तरीही येथे एक भेद समजून घ्यायला हवा. गुराढोरांवर सामान्यतः आढळणारी गोचीड अळीपासून प्रौढ होईपर्यंत एकाच जनावराच्या अंगावर राहते. त्यामुळे जनावराचे अंग स्वच्छ केले, की तिचा मोठा बंदोबस्त होतो.

कुत्र्यावरील तपकिरी गोचिडीची रीत निराळी आहे. ती आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि प्रत्येक वेळी पोट भरले, की अंगावरून खाली उतरते. कात टाकण्यासाठी ती भिंतीच्या भेगेत, पायरीच्या सांध्यात, दाराच्या चौकटीमागे किंवा पलंगाखाली दडते. मादी अशाच एखाद्या फटीत हजारो अंडी घालते. उपाशी राहूनही ही गोचीड कित्येक महिने तग धरते. उष्ण हवामान तिला मानवते, त्यामुळे आपल्या उन्हाळ्याचा तिला धाक नाही. कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या गोचिडी हा तिच्या एकूण संसाराचा लहानसा भाग असतो. उरलेला संसार आपल्या घरात आणि अंगणात असतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ कुत्र्याला आंघोळ घालून किंवा चार गोचिडी उपटून हा प्रश्न सुटत नाही. कुत्रा, घर आणि अंगण या तिन्हींकडे एकाच वेळी लक्ष द्यावे लागते.

काय करावे?

पहिले पाऊल पशुवैद्यकाच्या सल्ल्याने गोचीडनाशक औषध सुरू करण्याचे. पोटातून देण्याच्या गोळ्या, मानेवर टाकायचे थेंब आणि औषधी पट्टे असे पर्याय आज उपलब्ध आहेत. काहींचा परिणाम महिनाभर टिकतो, तर काहींचा सुमारे तीन महिने. मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरते. म्हणून मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून पिल्लाला देऊ नये. कुत्र्याला पूर्वी आकडी आली असेल, तर तसे आधीच सांगावे. घरात मांजर असेल, तर विशेष जपावे, कारण कुत्र्यासाठीच्या काही औषधांतील परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतू शकते. हे औषध केवळ पावसाळ्यापुरते न देता वर्षभर चालू ठेवावे.

दुसरे पाऊल घराचे. भिंतींच्या आणि पायऱ्यांच्या भेगा सिमेंटने बुजवाव्यात. कुत्र्याचे अंथरूण आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावे. उन्हाळ्यात कुत्रा कूलरजवळ झोपत असेल, तर कूलरच्या मागचा ओलसर कोपरा विसरू नये. घरात फवारणी करायची झाल्यास कोणते औषध आणि किती पाण्यात, हे पशुवैद्यकाला विचारूनच करावी. फवारा सुकेपर्यंत मुले आणि प्राणी यांना दूर ठेवावे.

तिसरे पाऊल अंगणाचे आणि त्यापलीकडचे. बेसा, बेलतरोडी, घोगली या पट्ट्यात नव्या लेआउटमध्ये दोन घरांमध्ये एखादा रिकामा प्लॉट असतोच. पावसाळा लागला, की तेथे गाजरगवत कमरेइतके वाढते आणि वस्तीतील भटकी कुत्री त्याच्या आडोशाला विसावतात. आपला मोती साखळीला बांधलेला असला, तरी फाटकाखालून सरपटत येणाऱ्या गोचिडीला साखळी अडवू शकत नाही. शेजाऱ्यांनी मिळून असे प्लॉट साफ करून घेतले, तर त्याचा लाभ सर्वांनाच होतो.

आठवड्यातील पाच मिनिटे

दर रविवारी पाच मिनिटे काढा. कानांच्या आत, पायाच्या बोटांमध्ये, मानपट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीच्या मुळाशी बोटे फिरवा. गोचीड आढळल्यास बारीक चिमट्याने तिला कातडीलगत पकडा आणि सरळ, सावकाश ओढा. रॉकेल ओतू नका, उदबत्तीचा चटका देऊ नका आणि ती बोटांनी चिरडू नका. तिला स्पिरिटच्या बाटलीत टाका आणि हात साबणाने धुवा.

त्यानंतर ओठ उचलून हिरडी पाहा. ती गुलाबी असावी आणि बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळसर असतात. अशा वेळी खालच्या पापणीची आतील बाजू पाहावी. नाक कोरडे म्हणजे ताप, हा समज खरा नाही. ताप थर्मामीटरनेच, गुदद्वारात, मोजावा. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. म्हणजे माणसाच्या दृष्टीने जो ताप, तो त्याच्या दृष्टीने आरोग्य होय.

ताप आढळला, तर घरातील पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देण्याचा मोह कटाक्षाने टाळा. या गोळ्या कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडांना आणि जठराला इजा करू शकतात. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनमुळे रक्तस्राव आणखी वाढतो. तपासणीत एर्लिकिया निघाल्यास पशुवैद्यक सामान्यतः डॉक्सिसायक्लिन हे औषध सुमारे चार आठवडे देतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रा जेवू लागतो आणि अनेक घरांत गोळ्या तेथेच थांबतात. ही चूक आपल्या घरात होऊ देऊ नका.

नागपूरकरांचे एक भाग्य असे, की १९५८ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय सेमिनरी हिल्सवर आहे आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच शहरात आहे. परंतु बेसाहून तेथे जायचे, तर सारे शहर ओलांडावे लागते. म्हणून घराजवळील पशुवैद्यकाचा दूरध्वनी क्रमांक आणि त्यांची वेळ आजच लिहून ठेवा. अडचणीच्या रात्री ती शोधण्यात जाणारा वेळ मौल्यवान असतो.

लशींचे कुंपण

गोचीडतापाला लस नाही. ज्या आजारांना लस आहे, त्यांच्या बाबतीत हयगय अक्षम्य ठरते. पार्व्हो हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि आजही पिल्लांचा काळ ठरतो. उलट्या, रक्तमिश्रित दुर्गंधी जुलाब आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू, असा त्याचा क्रम असू शकतो. तो मातीत कित्येक महिने जिवंत राहतो. घरात पार्व्होने पिल्लू गेले असेल, तर साध्या फिनाइलवर विसंबू नये. जागा धुऊन, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असे मिश्रण दहा मिनिटे राहू द्यावे. त्यानंतरही नवे पिल्लू आणण्याची घाई करू नये.

पार्व्हो आणि डिस्टेंपर यांविरुद्धची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा दिली जाते. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण सुरुवातीच्या मात्रांना निष्प्रभ करू शकते, म्हणून शेवटची मात्रा सर्वांत महत्त्वाची. एक लस झाली आता पुरे, असे म्हणणाऱ्या घरातील पिल्लू अर्धवट कुंपणात उभे असते.

लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरतो आणि माणसांनाही होतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने तो अनुभवला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरच्या वस्त्यांत पाणी कसे शिरले, हे आपण पाहिलेच आहे. या आजाराची लस दरवर्षी द्यावी आणि ती पावसाळ्यापूर्वी झालेली असावी.

रेबीजविषयी तर तडजोड नकोच. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक ठरतो. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस द्यावी, वर्षाने पुन्हा द्यावी आणि पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे. कोणत्याही कुत्र्याने घरातील कोणाला चावले किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जखमेवर हळद, तिखट किंवा चुना लावू नये. घरच्या कुत्र्याला लस दिली आहे, म्हणून डॉक्टरांकडे जाणे टाळू नये.

कुंपणापलीकडचे शेजारी

आपला कुत्रा सुरक्षित राहावा असे वाटत असेल, तर गल्लीतील कुत्र्यांकडे पाठ फिरवून चालणार नाही. २०२३ च्या प्राणी जन्मदर नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. वसाहतीच्या वतीने तसा लेखी अर्ज करणे आपल्या हाती आहे. गोव्यात मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य शासन यांनी मिळून कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण केले. काही वर्षांतच तेथील माणसांचे रेबीजमृत्यू शून्यावर आले. सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली, की या रोगाची साखळी तुटू लागते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या गल्लीत दहा कुत्री असतील, तर हिशेब सातांचा आहे.

आता पुन्हा त्या मे महिन्याच्या दुपारकडे वळू. मोतीने पहिल्या दिवशी जेवण नाकारले, तेव्हाच कोणी त्याची हिरडी पाहिली असती, कानामागे बोट फिरवले असते आणि दुसऱ्या दिवशी रक्त तपासले असते, तर फरशीवर ते चार थेंब कदाचित पडलेच नसते. मुका प्राणी आपले दुखणे सांगत नाही. तो जेवणाकडे पाठ करतो आणि अर्ध्या वाटेवरून परततो. त्याची भाषा एवढीच आहे. ती ऐकून "ऊन बाधले असेल" असे म्हणण्यापूर्वी, वाचकहो, त्याच्या जवळ जाऊन बसा आणि एकदा त्याचा कान उलटून पाहा.